कुंभारणीला दिलेली माझी मुलगी

लढाईच्या दिवसांतली गोष्ट आहे. आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. मालक पलटणीत होते आणि समुद्रापार गेलेले. कुठं, ते पत्रात लिहायची मुभा नव्हती. घरात मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी माझी होती, पण माझी म्हणायची नव्हती. हे आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तिच्याआधी माझे दोन मुलगे गेले. एक सहा महिन्यांचा होऊन, दुसरा बाराव्याच्या आतच. तिसऱ्या खेपेला आत्याबाईंनी ठरवलं, मूल आपलं ठेवायचंच नाही, म्हणजे मरण त्याला न्यायला आपल्या दारी यायचं नाही. मुलगी झाली तशी सुपात घातली आणि शेजारच्या कुंभारणीला सूपभर कोंड्यावर विकली. लटकीच विक्री, पण सगळ्या रीतीनं, पाटील साक्षीला ठेवून. दूध माझं प्यायली, निजली माझ्या कुशीत, पण कुणी विचारलं की म्हणायचं, कुंभाराची आहे. नावही असं ओंगळ ठेवलं की नेणाऱ्याला न्यावंसं वाटू नये. ते नाव मी इथं लिहीत नाही. गावानं हे इतकं सांभाळलं, की एखाद्या वेळी मलाच वाटायचं, खरंच का गं बाई तिची.

मालक गेले तेव्हा मी पोटुशी होते. पलटणीच्या कागदात घरची माणसं म्हणून आत्याबाईंचं आणि माझं नाव होतं. मुलीचं कुठून असणार. एक दिवस पत्र आलं, शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. लिहिलं होतं, मुलीचं नाव कागदात चढवून घे. माझं काही बरंवाईट झालं तर तिचं तिला मिळेल. नाव नसलं तर काही मिळायचं नाही.

मास्तर पुढं वाचत होते, मी त्या 'बरंवाईट'पाशीच थांबले होते. आजवर कधी त्यांनी तसं लिहिलं नव्हतं.

सडकेवर किकवीला पलटणीच्या कचेरीतला कारकून येऊन बसणार होता, घरच्या माणसांची नावं तपासायला आणि नवी चढवायला. उजाडता निघालो. मी, आत्याबाई, दाखला द्यायला पाटील, आणि मुलीला काखेत घेऊन कुंभारमावशी. गावाबाहेर तिला मी उचलायची नाही असा आत्याबाईंचा हुकूम. वाटेत पाटील जुन्या पटकीच्या साथीच्या गोष्टी सांगत होते. कुणी त्यांना थांबवलं नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, तिथं कुणी मला तोंडानं विचारू नये.

किकवीच्या चावडीत बायांची रांग होती. कारकून चष्मेवाला, घाईतला. त्याच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक म्हातारे सुभेदार, मोठ्या पांढऱ्या मिशांचे. माझी पाळी आली.

"नवीन नाव कुणाचं?"

मी मुलीकडे बोट केलं.

"मूल तुमचं, मग त्या बाईच्या काखेत कशाला?"

मी आत्याबाईंकडं पाहिलं. मावशीनं पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं. कारकुनानं पाटलांकडं पाहिलं. "पाटील, मूल कुणाचं?"

पाटील जरा खाकरले, म्हणाले, "पोर कुंभाराची हाय, सायेब." आणि एक डोळा मिटला. आमच्याकडच्या कुणालाही त्या डोळ्यातलं कळलं असतं. कारकुनाला कळलं नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली.

"परवाच एकीनं भावाचं मूल आपलं म्हणून आणलं होतं. खोटं नाव चढवलं तर नवऱ्यालाही जाब द्यावा लागेल, समजलं ना? चला, पुढची."

नवऱ्याला जाब म्हणजे काय करतील, तिकडं लढाईत असलेल्या माणसाला, मला काय ठाऊक. मी पदराचं टोक तोंडात धरलं आणि तिथंच उभी राहिले. मागची बाई ढकलायला लागली.

सुभेदार म्हणाले, "थांबा जरा." मिशी बाजूला सारून त्यांनी नाकपुडीवर बोट ठेवलं. तिथं जुनं, बुजत आलेलं भोक होतं. "मलाबी विकला होता, पोरी. घिसाड्याला. नाक टोचून, लुगड्याचं झबलं घालून वाढवला. मला कळतंय सगळं. पर कागदाला कळत न्हाई. आईनं सोताच्या तोंडानं म्हणलं पायजे आन् पाटलांनी व्हय म्हणलं पायजे."

"फुडच्या खेपेला म्हणंल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली.

"फुडली खेप कवा, ते मला सांगता यायचं न्हाई, आक्का. लढाई हाय."

"बोलू नगंस," आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "दोन गेली. ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात नसायला काय झालं. बोलावं तर पोर जाईल. कागद करावा तर जणू त्यांच्या मरणाची तयारी केली. आणि नाही करावं, अन् तिकडं खरंच काही झालं, तर ही पोर कुणाच्या दारात उभी राहणार?

मी म्हणाले, "माझी हाय."

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला.

"माझी हाय. माझ्या पोटची."

एवढ्या मोठ्यानं की रांगेतल्या बाया बघायला लागल्या. मुलीनं माझा आवाज ऐकून हात पुढं केले. आत्याबाईंनी मनगट सोडलं आणि खाली बसल्या. पाटील म्हणाले, "व्हय सायेब, तिचीच. म्या साक्षीला हुतो इकताना." कारकुनानं कपाळाला हात लावला, पण लिहिलं. अंगावरची खूण विचारली. डाव्या गालावर तीळ. माझा अंगठा घेतला.

बाहेर आल्यावर मावशीनं मुलगी माझ्या हातात दिली. "घे बाई तुझी तू. सकाळधरनं काख मोडली माझी."

परतताना पोर दोनदा शिंकली. दोन्ही वेळा आम्ही चौघं जागच्या जागी थांबलो, आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस आत्याबाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण चूल पेटवायच्या आधी रोज येऊन पोरीचे तळपाय चाचपायच्या. मी जागीच असायचे, डोळे मिटून. त्या गेल्या की मग मी चाचपायची.

पुढच्या पत्राला पावसाळा उलटला. हे खुशाल होते. विचारलं होतं, नाव चढलं का. मास्तर उत्तर लिहायला बसले. मी सांगितलं, "लिहा, नाव चढलं. आपली मुलगी बरी आहे." मास्तरांची लेखणी थांबली. तेही दोन वर्षं तिला कुंभाराचीच म्हणत आले होते.

"आपली, असं लिहू ना?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडं पाहिलं. आत्याबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवा की. सगळ्या किकवीनं ऐकलंय."

मास्तरांनी दौतीत लेखणी बुडवली. ते लिहीपर्यंत मला काही बसवेना. मी उठून मागच्या दारी गेले, पोर खेळतेय ना ते बघायला.