सुनेची थायरॉईडची गोळी मीच बंद केली

बायांनो, चूक माझीच आहे, तरी लिहिते.

माझी सून तीन महिन्यांची गरोदर आहे. पोटुशीनं गोळ्या खाऊ नये, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून महिन्याभरापूर्वी तिची थायरॉईडची डबी मीच घेऊन धानाच्या कोठीत ठेवली. ती सुस्तावली, चेहरा सुजला. मला वाटलं, दिवस गेल्यावर होतेच.

आज तपासणीत गोळी बंद असल्याचं कळल्यावर नर्सबाईनं मला विचारलं, "गोळी काऊन सोडली?"

"बाळाले बाधंल म्हणून."

"मावशी, सुरुवातीले बाळाची थायरॉईड ग्रंथी कामच करत नाई. आईच्या रक्तातलंच हार्मोन त्याले भेटते. त्यावर त्याचा मेंदू वाढते."



गोळी लगेच सुरू झाली, रक्त तपासायला गेलं. सून रागावली नाही, फक्त पोटावर हात ठेवून बसली आहे.

तुमच्यात कोणाची गोळी अशी सुटली होती का? लेकरू बरं आहे ना?