हातात राखलेलं वर्ष

कोविडच्या पहिल्याच वसंतात अमेरिकेतलं कॉलेज बंद झालं आणि आमचे चिरंजीव नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी, आमच्या घरी परतले. बेसबॉलचे पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. शेवटच्या वर्षाचा मोसम सुरू होतो न होतो तोच रद्द झालेला. मग काय, बागेतल्या कुंपणाला जुनी गादी टेकवून धाड धाड चेंडू! शेजारच्या डच आजी खिडकीतून टाळ्या वाजवायच्या.

त्याला व्हायचं होतं व्यावसायिक खेळाडू. अमेरिकेतले क्लब दर उन्हाळ्यात फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षी फेऱ्या इतक्या कमी केल्या की याचं नाव आलंच नाही. पण मग एका सकाळी, मी रवा भाजत असताना, एका क्लबचा फोन आला. निवड झाली नसली तरी ये, करार करतो.

मी आनंदाने वेडी झाले! शिऱ्यात सढळ हाताने तूप ओतलं आणि पुण्याला ताईला फोन लावला. "अगं, घेतलं त्याला!"

मागे वळते तर पोरगा फोनवर शांतपणे म्हणतोय, थँक्यू, पण नको.

"अरे, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू तोंड धुवायला निघालास?" मी कालथाच उगारला. तो नेहमीसारखा अर्धं डच, अर्धं इंग्रजी बोलत समजावू लागला. मोसम बुडाला म्हणून कॉलेजच्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं होतं. ज्याचं शेवटचं वर्ष संपलं त्याला परतायला जागा नसते, क्लब देईल ते तो मुकाट घेतो. गरजवंताला अक्कल नसते, एवढं मलाही कळत होतं. याला परतायला कॉलेज होतं, म्हणून नाही म्हणता येत होतं. शिवाय याचा वाढलेला स्पीड यंदा कोणी पाहिलाच नव्हता.

"आणि पुढच्या वर्षी?"

पुढच्या वर्षी हातात काही उरणार नव्हतं. वयही वाढलेलं असणार. कोणी बोलावलं तर जायचं, नाहीतर खेळ संपला.

ताईला परत फोन करून सांगितलं, तो आणखी एक वर्ष कॉलेजातच राहणार.

"म्हणजे नापास झाला का गं?"

आमच्या घराण्यात कॉलेजचं वर्ष वाढतं ते एकाच कारणाने. फोन स्पीकरवर होता, त्यानेही ऐकलं. माझं डोकं असं फिरलं म्हणता! यापुढे मावशीला काही म्हणजे काही कळवायचं नाही, असं फर्मानच काढलं मी.

पुढच्या उन्हाळ्यात तो तिकडे, आम्ही इकडे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेलो, फोनवर त्याचा व्हिडिओ कॉल चालू. एकेक फेरी संपत होती, नाव येत नव्हतं. नवऱ्याला बघवेना, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आणि आलं! त्याचं नाव, पुढे आमचं आडनाव! मी खुर्चीवर चढून अशी ओरडले की शेजारच्या आजी धावत कुंपणाशी आल्या.

फोनवर तो टोपीने डोळे पुसत होता. मग चक्क मराठीत म्हणाला, "आई, मावशीला सांग, पास झालो."