किरगिझ डोंगरातल्या आजीला सांगितलेला बाप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सभेत नाही, पत्रकात तर नाहीच. आणि मी कोण? धनगरांच्या चळवळीची पत्रकं काढून दुसऱ्याचं खोटं चार ओळींत उघडं पाडणारा माणूस.

चराऊ रानांच्या प्रश्नावर तरुणांचं शिबिर होतं, म्हणून किरगिझस्तानला गेलो. डोंगरात एका मेंढपाळाच्या घरी उतरलो — घर म्हणजे घोंगडीहून जाड लोकरीचा गोल तंबू. ते दिवस अजून अर्धवट झोपेत असल्यासारखे आठवतात. मेंढरं कुठं संपायची नि धुकं कुठं सुरू व्हायचं, कळायचं नाही. वास मात्र आमच्या गावच्या, भूमच्या माळावरचा — ओली लोकर, लेंड्या, दूध. डोळे मिटले की वाटायचं, बाप — आमचे आण्णा — मेंढरांपाशी बाहेर खोकतायत.

तिथली आजी सोव्हिएत राज्यात सरकारी कळप राखायची. राज्य गेलं, कळप वाटला गेला, शेजारी शहरात गेले. ही राहिली. हे सांगताना ती अशी ताठ बसायची, जणू गावची पाटलीण.

शेवटच्या जेवणाला तिनं मेंढीचं मुंडकं माझ्यापुढं ठेवलं — पाहुण्याचा मान. मग इंग्रजी येणाऱ्या नातीकरवी विचारलं, वडील काय करतात?

अवघड होतं का? भूमच्या बाजारात मी माइकवर ओरडतो, धनगराच्या पोरांनो, बापाची लाज धरू नका. आणि तिथं — शेजारी शिबिरातली शहरी पोरं बसलेली — मी म्हणालो, प्राध्यापक आहेत.

आजीनं माझ्या हातांकडं पाहिलं. सकाळीच तिची अडलेली मेंढी मी सोडवली होती. हात आपसूक गेले होते. मुंडक्याचा कान कापून तिनं माझ्या तळहातावर ठेवला. कान घरच्या लेकरांना देतात, हे नातीनं नंतर सांगितलं.

तरी मी प्राध्यापकाचाच पोरगा राहिलो.

घरी येऊन त्या आजीचं सांगितलं. आण्णांनी विचारलं, "तिकडल्या लोकायला माझं सांगितलं का न्हाय रं?"

"सगळं सांगितलं, आण्णा."

"मंग? काय म्हणली म्हातारी?"

"म्हणली, आपल्यातलेच हायेत."

आता बाजारात कुणी "सरक की मेंढक्या" म्हणून खेकसलं, तर आण्णा चिडत नाहीत. हसतात. म्हणतात, "आरं, परदेशात वळखतेत आमाला. इचार माझ्या पोराला."

तो माणूस माझ्याकडं बघतो. मी मान हलवतो — व्हय — आणि त्याच्या हातात पत्रक देतो.