गाईचं औषध, कडक

मुलांनो,

तुमच्यातल्या थोरल्याचा परवा फोन आला. त्यानं तिकडे परदेशात गॅरेजमध्ये बिअर बनवायला सुरुवात केली आहे आणि त्याच्या कडक बिअरचं लेबल सरकारनं नामंजूर केलं, कारण त्यावर त्यानं ‘आजीच्या हातची कृती, पचनाला उत्तम’ असं छापलं होतं. बिअरच्या बाटलीवर औषधी गुण सांगायचे नाहीत, असा तिकडे नियम आहे. तो चिडून म्हणाला, “पण आजी, तुझ्या बिअरनं गाय बरी झाली होती ना? तसं लिहून दे.”

लिहून देते. पण पूर्ण लिहिते, कारण तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीत फक्त गाय आहे, माझ्या सासूबाई नाहीत. त्यांच्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही वर्ध्याच्या कडेला, नालवाडीत राहत होतो. जिल्ह्यात दारूबंदी होती. म्हणजे दारू होती, फक्त तिच्यावर लेबल नव्हतं. ती टायरच्या ट्यूबमधून यायची आणि कशाची आहे, किती जहाल आहे, पिणारा उद्या उठेल की नाही, हे कुठेही लिहिलेलं नसायचं.

तुमचे आजोबा सिंचन खात्यात इंजिनिअर. त्यांना बिअर आवडायची. साइट समुद्रपूरकडे असल्यानं नागपूरच्या मीटिंगहून ते जाम गावावरून परत यायचे. एकदा जामला एसटी थांबवून पिशव्या तपासायला सुरुवात झाली. आजोबांनी पिशवी सीटखाली सोडली आणि खाली उतरून टपरीवर चहा पीत उभे राहिले. पिशवी गेली. तिच्यात दोन बाटल्या होत्या आणि मी सांगून मागवलेली साडी.

“नोकरी वाचली,” घरी आल्यावर ते म्हणाले.

“साडी कोणत्या रंगाची होती?”

ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. दुकानदारानं बांधून दिली, यांनी पैसे दिले. त्याच आठवड्यात मी ठरवलं की बिअर घरीच करायची.

माझ्याकडे नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं एक इंग्रजी गृहव्यवस्थेचं पुस्तक होतं. चांदी कशी उजळावी आणि बिअर कशी मुरवावी, दोन्ही त्यात होतं. चांदी नव्हती. बार्लीऐवजी मी ज्वारी भिजवली, मोड आणले, वाळवली, भरडली. कडकपणासाठी गूळ, वासासाठी आलं आणि संत्र्याची वाळलेली साल. कडू चवीसाठी पुस्तकात सांगितलेली फुलं आमच्या बाजारात कोणी ऐकलीही नव्हती, म्हणून तापावर देतात ते किराईत चिमूटभर घातलं. यीस्ट बेकरीतून. लोणच्याची मोठी बरणी रिकामी होतीच.

बाटल्या भंगारवाल्याकडे पोत्यानं मिळायच्या. दारूबंदीच्या जिल्ह्यात त्या येतात कुठून हे मी विचारलं नाही, आणि मला कशाला हव्यात हे त्यानं विचारलं नाही. त्यांची जुनी लेबलं पाण्यात भिजवून काढताना मी वाचायची. बनवणाऱ्याचं नाव, माप, कोणत्या राज्यात विकायची, तब्येतीला काय धोका. एवढी माहिती माझ्या लग्नात मुलाकडच्यांनीही दिली नव्हती.

मग मीही माझ्या बाटल्यांवर लिहिलं. ज्वारीची बिअर. कडक, अंदाजे आठ टक्के. पुढे सगळे जिन्नस, तारीख आणि खाली बनवणारीचं, म्हणजे माझं, पूर्ण नाव. आजोबांनी ते वाचलं आणि खुर्चीत बसले.

“अगं, चोर कधी दारावर पाटी लावतो का?”

“मी चोर नाही. बाटलीत काय आहे ते घरातल्या माणसांना कळलं पाहिजे.”

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. माझ्या हळदी-तिखटाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांनाही त्या हसायच्या. “नाक नाई का वं तुले? हुंगून पाहत जाय.” त्यांनी बाटली हुंगली, पेल्यात ओतली आणि संपवली. “कडू हाय,” त्या म्हणाल्या. “पन गुडघ्याले बरं वाटून राह्यलं.” त्या दिवसापासून त्यांचा गुडघा रोज दुपारी दुखायला लागला.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग शेजारचं घर भाड्यानं गेलं, आणि भाडेकरू निघाला दारूबंदीचा इन्स्पेक्टर. बायको, एक गाय आणि जीप.

आजोबांनी सुरीनं प्रत्येक लेबलावरून माझं नाव खरवडलं, ‘ज्वारीची बिअर’ खरवडलं आणि त्या जागी लिहिलं, ‘गाईचं औषध’.

“आपल्याकडे गाय नाही,” मी म्हणाले.

“झडतीला येणारा माणूस गाय शोधत नाही.”

जिन्नस आणि ‘कडक’ मी खरवडू दिलं नाही. तेवढं खरं राहिलं.

इन्स्पेक्टरची गाय आजारी पडली. चारा तोंडात घेईना. मी शाळेत शिकवायला गेले होते. त्याची बायको कुंपणाशी रडवेली उभी होती आणि सासूबाई पेला घेऊन अंगणात बसल्या होत्या. काय पिता, असं तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, औषध. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा दोन बाटल्या कमी होत्या.

“त्या माणसाच्या घरी दिल्या?”

“मंग? गाईनं का गुन्हा केला?”

आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. निलंबन, पेन्शन, मुलीचं लग्न, सगळं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. उरलेल्या बाटल्या मोरीत ओतायला ते निघाले होते. नाली उघडी होती आणि ती इन्स्पेक्टरच्या दारावरून वाहायची, म्हणून मी थांबवलं.

सकाळी तो आला. अंगावर गणवेश, दोन्ही हातांत रिकाम्या बाटल्या.

“गाय उठली,” तो म्हणाला. “रवंथ करून राह्यली. पण लय हंबरली जी. आमच्या मिसेस म्हणते, गात होती.”

त्यानं एक बाटली उजेडात फिरवली, हुंगली, लेबल शेवटपर्यंत वाचलं.

“कोणी बनवलं?”

“मी,” मी म्हणाले.

“नाव नाही लिहिलं?”

“लिहिलं होतं. यांनी खरवडलं.”

“काऊन खरवडलं जी, साहेब?” आजोबांनी त्याच्यापुढे खुर्ची ओढली. इन्स्पेक्टर बसला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, लेबल अर्धवट आहे. कडक आहे म्हणता, अन् मात्रा लिहीत नाही. आमच्या मिसेसनं दोन एकदम पाजल्या. असं औषध मात्रा न लिहिता घरात ठेवणं बरं नाई. आता लिहा, माझ्यासमोर.”

मी पेन आणलं. “गाईला एक,” मी लिहिलं.

आतून सासूबाई म्हणाल्या, “मानसाले अर्धी. लिव.”

इन्स्पेक्टरनं वर पंख्याकडे बघितलं. “म्हातारी माणसं गुडघ्याला चोळत असतील,” तो म्हणाला.

“चोळतो ना, बापू. आतून.”

तो उठला. “चोळण्यापुरतं ठेवा. एक बाटली जरी विकली, तर मले यावं लागन, अन् तवा मी शेजारी म्हणून येणार नाई.” दारात थांबून त्यानं एक भरलेली बाटली मागितली, गाईला पुन्हा लागलं तर असावी म्हणून. त्याची बदली होईपर्यंत त्या गाईची तब्येत शनिवारी हटकून बिघडायची. एरवी ती धडधाकट होती.

आम्ही एकही बाटली विकली नाही. आजोबा पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाले, तुमच्या आईचं लग्न झालं, आणि सासूबाईंचा गुडघा शेवटपर्यंत टिकला.

तेव्हा थोरल्या, तुझ्या सरकारशी भांडू नकोस. बिअरला औषध म्हणायची आमच्यावर वेळ आली होती, तुझ्यावर आलेली नाही. ‘ज्वारीची बिअर. कडक’ एवढं लिही, जिन्नस लिही आणि खाली तुझं नाव लिही. तुझं नाव कोणी खरवडणार नाही. गाय वगळ.

त्या वेळच्या बाटल्यांतली एक अजून माझ्या फडताळात आहे. आजोबांच्या अक्षरातलं ‘गाईचं औषध’ आणि माझ्या अक्षरातली मात्रा, दोन्ही वाचता येतात. तिच्यात आता एरंडेल आहे, आणि लेबलाच्या खाली मी तसं लिहिलेलं आहे.