सावळेरामच्या वाटणीचा उपास

गोजरबाई उपासाला कधी कंटाळली नाही. डोंगरातल्या आहुपे गावाच्या खालच्या अंगाला तिचं सासर. तिथं होती तेव्हा सोमवार भीमाशंकराचा, मंगळवार देवीचा, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. भातलावणीच्या दिवसांत बाकीच्या बाया दुपारी बांधावर भाकरी सोडून बसल्या, की ही लांब बसून पाणी प्यायची. नवरा सावळेराम उपासाच्या वाटेला कधी गेला नाही. घरात एकानं धरला की सगळ्यांचं भागतं, अशी त्याची समजूत होती, आणि खरं सांगायचं तर तिचीही तीच होती.

पुढं पोटापाण्यासाठी दोघं नारायणगावात येऊन राहिली. ती टोमॅटो मार्केटात माल निवडायला जायची, तो स्टँडवर ओरडून ओरडून जीपला शीटं गोळा करून द्यायचा. गुडघे धरले म्हणून एका शेजारणीनं तिला प्रार्थनेला नेलं. गुडघे होते तसेच राहिले, पण गोजरबाई जात राहिली. प्रभू येशूनं आपल्यासारख्यांसाठी जीव दिला, असं पास्टर सयाजी सांगायला लागले की तिचा पदर डोळ्यांना लागायचा. आपल्यासाठी कुणी आधीच काही करून ठेवलंय, ही गोष्टच तिच्या कानांना नवी होती. मागोमाग सावळेरामही येऊन बसायला लागला. तिथं पंखा चांगला आहे, असं तो म्हणायचा. पण गाणी म्हणताना त्याचाच आवाज सगळ्यांत वर असायचा.

पहिल्याच महिन्यात तिनं पास्टरांना विचारलं होतं, इथं पाळायचं काय काय असतं. पास्टर म्हणाले, तारणासाठी, म्हणजे पापातून सुटायला, काही पाळावं लागत नाही, विश्वास ठेवावा लागतो. नियम पाळून कुणी तरला असता तर प्रभूला यायचं कारणच नव्हतं. गोजरबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन शुक्रवार धरला. नुसत्या विश्वासावर झोप लागेना. उपासाचं कसं, संध्याकाळी पोटात आग पडली की झाल्याचं कळतं. विश्वासाचं काय कळणार?

ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ आला तेव्हा तिनं एक वेळचं जेवण सोडलं. मग तिच्या लक्षात आलं की सावळेरामचं काहीच होत नाहीये. म्हणून उरलेल्या वेळचं जेवण तिनं त्याच्या नावानं कमी केलं; रात्री अर्धी भाकरी, तीही नुसती. अन्न वाया जाऊ नये म्हणून तिच्या वाटणीचं तो खायचा. गावाकडून आलेली तिची बहीण लंकाबाई हे बघून म्हणाली, "देव बदललास, उपास न्हाई बदललास."

दोघांचा बाप्तिस्मा ईस्टरला ठरला होता. त्याच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पास्टरांनी सगळ्या मंडळीसमोर सावळेरामला उभं केलं आणि तारणासाठी तुमचा भरवसा कुणावर, असं विचारलं.

"हिच्यावर," सावळेराम म्हणाला.

लोक हसले. सावळेराम हसला नाही. त्यानं नीट समजावून सांगितलं, की ही त्याच्या वाटणीचंही धरते, आजवर एकदाही चुकलेली नाही, त्यामुळं त्याला काळजी नाही. पास्टरही हसले नाहीत. तुमचा बाप्तिस्मा थोडा थांबवू या, एवढंच ते म्हणाले.

 इतकी वर्षं जे गोजरबाई नवऱ्यासाठी करत आली, त्यानंच तो काठावर राहिला होता. आपण पार जायचं आणि ह्यांनी अलीकडं उभं राहायचं, हे तिला सोसेना. मंडळी पांगल्यावर तिनं पास्टरांना गाठलं.

"उपास वाईट नाही ताई," पास्टर म्हणाले. "मीसुद्धा धरतो. पण तुम्ही सावळेरामभाऊंच्या आणि प्रभूच्या मधे उभ्या राहिलात."

"मग सरकू कशी?"

पास्टर म्हणाले, "येत्या शुक्रवारी जेवा."

तो उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. सगळी मंडळी त्या दिवशी उपाशी असणार आणि जेवायचं तेवढं गोजरबाईनं. तरी तिला आतून बरं वाटलं. अखेर पास्टरांनी एक तरी नियम दिला होता.

शुक्रवारी तिनं भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, दोन ताटं वाढली. सावळेरामनं आपलं ताट बाजूला सरकवलं.

"भूक न्हाई."

सावळेरामला भूक नाही, हे तिनं संसारात पहिल्यांदा ऐकलं. खोदून विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, "तू सोडलास. मग कुणीतरी धराया नगं का? तुझ्याबी वाटणीचा मीच धरलाय."

 गोजरबाईसाठी आजवर कुणी उपाशी राहिलं नव्हतं. धरू द्यावा एक दिवस, असं तिला फार वाटलं. पण रविवारी पास्टरांनी पुन्हा विचारलं, तर हा माणूस छातीला हात लावून "माझ्यावर" म्हणणार, हेही तिला दिसत होतं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला.  वर पाणी प्यायली.

"जेवा," ती म्हणाली. "प्रभूनं केलंय आपलं दोघांचं. परत आपण कराया बसलो, तर त्याला वाटंल ह्यांना पटलंच न्हाई."

"आन त्ये पुरलं न्हाई तर?"

"त्याचा जीव पुरला न्हाई, तर माझी अर्धी भाकरी काय पुरणार व्हती?"

सावळेरामनं हे बराच वेळ तोलून बघितलं. मग ताट ओढलं. थोड्या वेळानं त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

शनिवारी सावळेराम एकटाच पास्टरांकडं जाऊन आला. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण येताना बाप्तिस्म्याला लागेल म्हणून कोरडा टॉवेल घेऊन आला.

ईस्टरला मंडळी येडगाव धरणाच्या पाण्याकाठी जमली. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. सावळेराम त्यांच्यापाशी गेला. भरवसा कुणावर, असं पुन्हा विचारल्यावर तो म्हणाला, "प्रभू येशूवर."

"आणि गोजरताईंचे उपास?"

"बंद हायती. माझाबी एक व्हता, त्योबी बंद केला."

पास्टरांनी त्याला बुडवून वर काढलं. नाकात पाणी गेल्यामुळं तो खोकत खोकत बाजूला झाला. मग त्यांनी गोजरबाईकडं बघितलं आणि तेच विचारलं.

तिनं पाणी बघितलं, माणसं बघितली, नाक शिंकरणारा सावळेराम बघितला.

"त्याच्यावरच," ती म्हणाली. "पण पास्टर, काय धरलं न्हाई, तर हात लई रिकामं वाटत्यात."

"तसेच घेऊन या," पास्टर म्हणाले. "पाय जपून टाका, शेवाळ आहे."