गुळाच्या तुलेची कडी

फोन आला तेव्हा माझ्या हातात खव्याची जिलेबी होती. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण आत्याबद्दल लिहायचं तर खरंच लिहायला हवं. शिवाय सकाळच्या त्या वेळी माझ्या हातात काहीतरी खायचं असणार, हे तिने न बघताही ओळखलं असतं. फोन आमच्याच, हिंदी मुलखातल्या शहरातल्या कांचघरहून होता, तिच्या शेजारच्या गुड्डू भैयाचा. "दीदी, आत्याजी उठ नहीं रही हैं... आप आ जाइए." मी जिलेबी बशीत ठेवली. रांझीच्या माझ्या घरून ऑटोत बसले ती पार तिच्या दारापर्यंत मला तिचाच आवाज ऐकू येत होता : "काय म्हणते नंदे, अर्धी जिलेबी टाकून आली? मग मी खरंच गेली म्हणायची."

त्याला आता महिना होत आला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आजोबांचं कांचघरचं घर शेवटपर्यंत एकटीने राखलं. आमच्या घराण्यात सगळे कसे भरलेले... वडील, काका, भाऊ, मी. ग्रुप फोटोत मागची भिंत दिसत नाही. आत्या तेवढी काडी. "माझ्या वेळी देवाचं पीठ संपून गेलं होतं," असं ती म्हणायची, आणि आमच्याकडे बघून, "अन् तुमच्या वेळी त्याने नवीन पोतं फोडलं."

आमच्या घरची एक रीत होती, गुळाच्या तुलेची. आजोबांची घमापुरला लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. टाल बंद झाल्यावर तिथला मोठा तराजू घरी आला आणि व्हरांड्याच्या तुळईतल्या लोखंडी कडीला टांगला गेला. घरातल्या प्रत्येक मुलाची, पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत, दरवर्षी गुळाने तुला व्हायची. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात ढेपा. तो गूळ मग गल्लीभर वाटायचा. मूल जितकं जड, तितकी घराची शान. माझ्या पाचव्या वाढदिवसाला आणलेला गूळ पुरला नाही. माझं पारडं जमिनीवरून हलेना, म्हणून वडिलांना सायकल काढून पुन्हा घमापुरला जावं लागलं. तोवर मी पारड्यात बसून समोरचाच गूळ खात होते, असं आत्या सांगायची. ही गोष्ट तिने प्रत्येक लग्नात सांगितली, मला बघायला आलेल्या लोकांनाही सांगितली. त्यांनी तरीही होकार दिला. आत्या म्हणायची, "बिचारे घाबरून गेले असतील."

आणि तिचं भाकीत. बारशाला ती बाळाचं मनगट दोन बोटांत धरायची, वळी दाबून बघायची आणि जाहीर करायची, "ही वळणावर गेली." म्हणजे घराच्या वळणावर, म्हणजे जाड होणार. माझ्याबद्दल तिने हेच सांगितलं होतं आणि मी तिचा शब्द खाली पडू दिला नाही. लहानपणी मला कुणी पळायला बोलावलं नाही. मीही गेले नाही. वळणावर गेलेलीला पळून कुठे जायचं होतं?

माझी मुलगी रेवती पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी तिने तिच्या मुलीची, सईची, जनुकांची तपासणी करून घेतली. नळीत थुंकी पाठवायची आणि पुढे काय होऊ शकतं ते विचारायचं. उत्तर आलं की सईला लठ्ठपणाचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त आहे. ते ऐकल्यावर मी म्हटलं, "एवढ्यासाठी पैसे कशाला दिले? माझा फोटो बघायचा." रेवती हसली नाही. त्या उन्हाळ्यात ती सईला घेऊन कांचघरला आली ती वेगळा डबा, वेगळी वाटी आणि वेगळी पोळी घेऊनच. सईचा पाचवा वाढदिवस तिथेच होता. आत्याने तराजू घासूनपुसून ठेवला होता.

"आत्या, सईला नाही तोलायचं," रेवती म्हणाली.

"काहून? तुझी आई तोलली, तू तोलली. तराजू तुटला का?"

"वजनाचा तमाशा नको मला. अन् गूळ तर नकोच."

आत्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि गुळाचा खडा सईपुढे धरला. सईने दोन्ही हात पाठीमागे नेले. तिची भाषा म्हणजे अर्धी पुण्याची, अर्धी इथे येऊन उचललेली. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, "नहीं आत्याजी. मेरे अंदर मोटापा लिखा है."

पाच वर्षांची पोर, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि स्वतःबद्दलची बातमी अशी सांगत होती, जणू घराचा पत्ता सांगत होती.

आत्याने खडा परत ताटात ठेवला. दुपारी सई झोपल्यावर तिने रेवतीला जवळ बसवलं. "चलो, नीट सांग. तुझं ते मशीन काय सांगून राहिलं?"

"की अशी मुलं जाड होण्याची शक्यता जास्त असते."

"होतेच?"

"नाही. डॉक्टर म्हणाले, खाणं, खेळणं, झोप, घरातली सगळ्यांची सवय... त्यावर पुष्कळ असतं. पोरीला वेगळं पाडू नका, असंही म्हणाले."

"अन् तू वेगळी वाटी आणली."

रेवतीचे डोळे भरले. "आत्या, मला भीती वाटते. आईला लोक काय काय बोलले, मी बघितलं आहे."

आत्याने पदराचं टोक चुरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोक कुठले... मीच बोलून राहिली होती. हिचं मशीन निदान 'शक्यता' तरी म्हणते. मी तर बारशालाच निकाल लावत होती."

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, तिने गुड्डू भैयाला शिडी घेऊन बोलावलं आणि तराजू उतरवला. कडीला दोर बांधून खाली पाट अडकवला, झोपाळा झाला. सई धावली तशी आत्याने तिला अडवलं. "थांब. पहिले तुझी आजी बसेल. कडीने नंदेला पेललं म्हणजे अख्खं घर पेललं." मी बसले. वरून असा आवाज आला की गुड्डू भैया दोन पावलं मागे सरकला. आत्या शांतपणे म्हणाली, "कुरकुर करून राहिली फक्त. तुटत नाही ती." त्या दिवशी सईची वेगळी वाटी फळीवर गेली. सगळ्यांना एकच वरण, एकच भाजी, आणि वाढदिवसाचा म्हणून गुळाचा एकेक खडा, सईलाही, मलाही. मला एकच, हे विशेष. संध्याकाळी सगळ्यांनी भाजीसाठी घमापुरपर्यंत चालत जायचं, हेही तिनेच ठरवलं. सई पळत पुढे, मी धापा टाकत मागे, आणि आत्या मध्ये उभी राहून दोघींना हाका मारायची. त्यानंतर तिने कुठल्याही बाळाचं मनगट धरलेलं मी पाहिलं नाही. बारशाला जायची, हात मांडीवर ठेवून बसायची.

आत्याच्या तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. नागपूरच्या एका काकूंनी सईला जवळ ओढलं, तिचं मनगट दोन बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर वळणावर..." आत्याच्याच सुरात. रेवती उठणार एवढ्यात सईने हात सोडवून घेतला. चिडली नाही, लाजलीही नाही. व्हरांड्यात गेली, झोपाळ्याचा पाट तळहाताने पुसला आणि मला हाक मारली, "आजी, तू बस. मी झोके देते."

सई पुढे कशी होईल, मला ठाऊक नाही. मशीनलाही पुरतं ठाऊक नाही. मी बसले. तिने सगळा जोर लावून ढकललं, आणि वर कडी नेहमीसारखी कण्हली. पाहुण्यांनी माना वर केल्या.

"घाबरू नका," सई त्यांना म्हणाली. "कुरकुर करून राहिली फक्त."