गुल्हानेभाऊंची पक्की खबर

नोकरीत असताना ज्याला तोंड उघडायची बंदी असते, त्याच्याकडे रिटायर झाल्यावर किश्श्यांचा ढीग निघतो. मी यवतमाळला पोलिसांच्या साध्या वेशातल्या एका शाखेत टायपिस्ट होतो. आमच्या खोलीला पाटीसुद्धा नव्हती. कापसाच्या भावावरून जिल्हा तापलेला, आज इथे रस्ता रोको तर उद्या तिथे, आणि कुठे काय होणार याची खबर आधी काढणं हे आमचं काम.

त्यात सगळ्यात मुरलेला माणूस म्हणजे हवालदार गुल्हानेभाऊ. प्रामाणिक इतके की कुणाचा फुकटचा चहा घेत नसत. गावोगावचे रस्ते, माणसं, भांडणं सगळं पाठ. माझा त्यांच्यावर फार जीव होता. फक्त एकदा त्यांच्या मनाने घेतलं की घेतलं!

*

एका गावात आंदोलन शिजतंय असं भाऊंनी ठरवलं. कशावरून, तर पारावर गर्दी होती आणि लोक तावातावाने बोलत होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले, तर पार रिकामा. मला वाटलं, चला, मिटलं. भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"लोकं चूप झाले म्हणजे ठरलं ना बाबू. आता बोलाचं काय राह्यलं?"

मी गुपचूप रिपोर्ट टाइप केला.

*

मग कळंबचं प्रकरण. सोमवारी तिथे रस्ता रोको होणार असा भाऊंना वास आला. तपासायला स्वतः गेले. टपरीवर चहा घेता घेता सहज विचारलं, सोमवारी रस्ता रोको आहे म्हणतात, खरं का? टपरीवाल्याला काही माहीत नव्हतं. मग स्टँडवर एका ऑटोवाल्याला विचारलं, देवळाबाहेरच्या फुलवाल्याला विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

शनिवारी आमच्या खबऱ्यांचे फोन आले. टपरीवर चर्चा आहे, ऑटोवाले बोलतायत, देवळापाशीही तेच, सोमवारी रस्ता रोको पक्का! भाऊ खूश. इतक्या ठिकाणांहून एकच खबर येते म्हणजे खोटी कशी असेल?

माझा दोस्त रामटेके शाखेत शिपाई होता आणि जिभेचा तिखट होता. तो म्हणाला, "भाऊ, त्याईले सांगतलं कोणं?"

सोमवारी बंदोबस्त लागला. दुपारपर्यंत रस्त्यावर एक बैलगाडीसुद्धा आडवी झाली नाही. शाखेचे साहेब चिडले. भाऊ शांतपणे म्हणाले की साहेब, आपण उभे होतो म्हणूनच झालं नाही. साहेबांनी यावर विचार केला आणि चक्क मान डोलावली.

*

परत येताना जीपमध्ये रामटेकेला राहवलं नाही. त्याने सरळ विचारलं, "भाऊ, आपली खबर खोटी आहे हे तुमाले कशावरून कळन?"

प्रश्न भाऊंनी खरंच मनावर घेतला होता. यवतमाळ आलं तेव्हा ते म्हणाले, "खोटी असती तर म्या देलीच कायले असती?"

*

आणि आता तुळशीरामभाऊंच्या पोरीचं लग्न.

तुळशीरामभाऊ पांढरकवड्याजवळच्या, हायवेला लागून असलेल्या गावचे. कापूस आंदोलनातला खणखणीत आवाज. आंदोलन म्हटलं की पोलीस त्यांना सकाळीच उचलत आणि संध्याकाळी सोडत. ते स्वतः पत्रिका घेऊन आमच्या खोलीत आले. एकुलती एक पोर आहे, तेवढा एक दिवस मला उचलू नका, असं हात जोडून सांगून गेले.

त्यांची पाठ वळताच गुल्हानेभाऊंनी पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. "कापूस वेचाच्या दिवसात कोणी लगन करते काय? आपल्याकडं माल घरात आला का उन्हाळ्यात लगन. पत्रिका छापाले काय लागते?"

मुद्दा बिनतोड होता. ऐन वेचणीत आमच्याकडे खरंच कुणी मांडव घालत नाही. रामटेकेने सांगितलं की नवरदेव मिलिटरीत आहे, त्याला सुट्टीच आत्ता मिळाली. भाऊंनी डोळे बारीक करून विचारलं की सुट्टीही बरोबर आत्ताच कशी मिळाली?

मग भाऊ गावात फेरी मारून आले. शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर सांगून ठेवलेत. मोठमोठे गंज, पातेली आणलीत, म्हणजे शेकडो माणसांचा स्वयंपाक. परगावचे लोक येणार. मांडव तर हायवेच्या कडेलाच! सगळं जुळत होतं. तुळशीरामभाऊंना सकाळीच ताब्यात घ्यायचा आदेश निघाला. तो टाइप करताना मला फार वाईट वाटलं.

*

लग्नाच्या दिवशी आमची गाडी मांडवापाशी थांबली. तुळशीरामभाऊ फेटा बांधून पाहुण्यांना पाणी देत होते. गाडी दिसताच ते घरात गेले आणि अटकेसाठी कायम भरून ठेवलेली खुंटीवरची पिशवी घेऊन बाहेर आले. दारात हळद लागलेली पोर उभी होती. तिने बापाची बाही धरली, ती सोडेना.

तुळशीरामभाऊ म्हणाले, "साहेब, अक्षता पडू द्या. मंग कुठंबी न्या."

साहेब चष्मा पुसत बसले. त्यांनाही दोन पोरी होत्या. रामटेके हळूच म्हणाला की माणूस ताब्यातच ठेवायचा आहे ना, मग मांडवात ठेवू. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि गुल्हानेभाऊंना हुकूम दिला की आरोपीच्या शेजारी बसायचं, हलायचं नाही. बायकांना वाटलं हे मोठे पाहुणे. त्यांनी भाऊंनाही फेटा बांधला.

तेवढ्यात मारुतीच्या देवळाकडून नवरदेव निघाला, बँड लावून, हायवेवरून. सोबत पलटणीतले दोस्त. ते असे नाचायला लागले की थांबेचनात. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या. हैदराबादकडचे ड्रायव्हर आधी हॉर्न मारत होते, मग खाली उतरून तेही नाचू लागले. तुळशीरामभाऊ रडता रडता हसत त्यांच्यात शिरले. त्यांच्यामागोमाग, हुकूमच होता म्हणून, गुल्हानेभाऊ.

गर्दीतून वाट काढत भाऊ कसेबसे गाडीपाशी पोचले. फेटा डोळ्यांवर आलेला, अंगभर गुलाल. त्यांनी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, रस्ता रोको चालू झाला. खबर पक्की होती."